तुम्ही विचारलंत म्हणून: ते गार जेल कशासाठी?

माझं काम अल्ट्रासाऊंडचं आहे म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "मग सोनोग्राफीआधी पोटावर ते गार, चिकट जेल का फासतात हो?" मी दवाखान्यात नसतो, बॉयलरचं वेल्डिंग तपासतो, हे सांगेपर्यंत प्रश्न विचारून झालेला असतो. पण उत्तर मला देता येतं, कारण आम्हीही तेच करतो. जेलऐवजी कधी तेल, कधी ग्रीस, कधी खळीसारखी पेस्ट, एवढाच फरक.

सगळा खेळ हवेचा आहे. प्रोब म्हणजे अंगावर फिरवतात तो हातातला ठोकळा. त्यातला स्फटिक विजेच्या झटक्याने थरथरतो आणि सेकंदाला काही लाख कंपनांचा आवाज आत सोडतो. पोटासाठी साधारण 20 ते 50 लाख. आपल्या कानांची मजल 20 हजारांवर संपते. शरीरात हा आवाज सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने जातो, एका अवयवातून दुसऱ्यात शिरताना थोडा परततो, आणि परतायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र खोली काढतं. पण प्रोब आणि कातडी यांच्यात हवेचा नुसता पापुद्रा राहिला तरी 99 टक्क्यांहून जास्त आवाज तिथूनच माघारी फिरतो. जेल ती हवा हुसकावून लावतं. त्यात औषधबिवषध काही नसतं. "पाणी पिऊन या, लघवी थांबवा" यामागेही हेच. भरलेलं मूत्राशय वायूने फुगलेली आतडी बाजूला सारतं.

गंमत म्हणजे डॉक्टरांना नको असलेली हवाच आम्हाला हवी असते. पोलादातली भेग केसाहून बारीक असली तरी तिच्यात पोकळी असते, म्हणूनच ती आवाज परत फेकते. चांगल्या वेल्डवर प्रोब फिरवताना पडद्यावरची रेघ जवळपास सपाट असते. मधेच एक टोक उभं राहतं. हात थांबतो. प्रोब जागच्या जागी किंचित वळवायचा: टोक झटकन पडलं तर बहुधा भेग, वळवूनही टिकलं तर वायूचा गोल बुडबुडा. लहानसा बुडबुडा एकवेळ चालतो, भेग मुळीच नाही. शिवाय आवाजाच्या वाटेला समांतर पडलेली भेग दिसतच नाही, म्हणून 45, 60, 70 अंशांचे प्रोब घेऊन दोन्ही बाजूंनी जावं लागतं.

आता थोडी फुशारकी मारू द्या. दवाखान्यातली सोनोग्राफी बरीचशी आमच्या धंद्यातून उचललेली आहे. 1953 साली स्वीडनमध्ये हृदयरोगतज्ज्ञ एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी हृदयाचे पहिले प्रतिध्वनी टिपले ते जहाजबांधणीच्या गोदीतून उसन्या आणलेल्या यंत्रावर. 1955 मध्ये ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून चक्क बॉयलरच्या कारखान्यात गेले. तुलनेसाठी तिथे मांसाचा एक मोठा तुकडाही ठेवला होता! धातूतले दोष शोधणाऱ्या यंत्रावर गाठींचा फरक ओळखू आला, आणि 1958 मध्ये त्यांचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

फुफ्फुसं मात्र हवेनेच भरलेली, त्यामुळे तिथे सोनोग्राफीचा काय उपयोग, असंच बरीच वर्षं समजत. आता डॉक्टर हवेमुळे पडणाऱ्या त्या खोट्या रेघाच वाचतात. फुफ्फुसात पाणी साठू लागलं की पडद्यावर उभे पट्टे उतरतात. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

दुसरा ठरलेला प्रश्न, "किरणं लागतात का?" नाही, हा नुसता कंप आहे. जोर वाढवला तर तो तोडफोडही करतो: मोतीबिंदूच्या फेको शस्त्रक्रियेत सुईचं टोक सेकंदाला सुमारे 40 हजार वेळा थरथरून धुरकट भिंगाचा चुरा करतं. तपासणीचा जोर त्या मानाने किरकोळ. एक्स-रेने वेल्ड तपासायचं असेल तर आसपासची माणसं हटवून दोरी बांधावी लागते. मी प्रोब फिरवत असतो तेव्हा हाताच्या अंतरावर दुसरा वेल्डर आपलं काम करत असतो, आणि त्याची एकच तक्रार असते: माझ्या तेलाने जागा निसरडी होते.