पाय मोडलेली अक्षरं

लेक सीनियर केजीत गेली आणि घरात एबीसीडी बंद झाली. आता फोनिक्स, म्हणजे अक्षराचं नाव नाही, त्याचा आवाज शिकायचा: स्, ॲ, ट्, इ, प्, न्. याच क्रमाने. ए टु झेड पाठ करायचंच नाही, आधी ही सहा, कारण एवढ्यावर सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन असे बरेच शब्द जुळतात आणि पोरं लगेच वाचायला लागतात. वाचता येतंय म्हटल्यावर त्यांचा जो काही रुबाब असतो तो बघण्यासारखा असतो, बिस्किटाच्या पुड्यापासून लिफ्टमधल्या पाटीपर्यंत काही सोडत नाहीत.

आजीला हे काही पटलेलं नाही. आमच्या घरात तिचं आणि माझं दोघींचंही इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आमच्या वेळी पाचवीच्या वर्गात सगळ्यांनी मिळून सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर असं ओरडायचं, हीच पद्धत. त्यामुळे आजी म्हणते, "बी ए टी बॅट म्हण गं बाळा," आणि लेक म्हणते, "आजी, बी नाही म्हणायचं, ब म्हणायचं."

पण ती जे ब म्हणते ना, तिथेच सगळी गंमत आहे. आपल्या ब मध्ये अ आधीच बसलेला असतो. ब-ॲ-ट असं सुटं सुटं म्हणून मग जोडायला गेलं की होतं बॲटअ, आणि पोरगी माझ्याकडे बघते की हा कुठला शब्द. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. मी आपली यूट्यूबवर फोनिक्सचे व्हिडिओ शोधत बसले, त्यातल्या गोऱ्या बाई ओठ मिटून ब् म्हणायच्या आणि आम्ही दोघी मोठ्याने ब. शेवटी पोळ्या लाटता लाटता आजीच म्हणाली, "अगं, पाय मोडून म्हणायला सांग की तिला." आणि पाटी घेऊन ब काढला, त्याचा पाय मोडला, मग ट काढला, त्याचाही मोडला. ब्-ॲ-ट्. बॅट. झालं! शाळेच्या पॅरेंट ओरिएंटेशनला दीड तास बसून जे कळलं नव्हतं ते पिठाच्या हातांनी दोन मिनिटांत.

तेव्हापासून माझं असं ठाम मत झालंय की मराठी घरातल्या पोरांना फोनिक्स जड जायचं काही कारण नाही. आपली वर्णमाला मुळात आवाजावरच रचलेली, क वर्ग घशातून निघतो आणि सरकत सरकत प वर्ग ओठांवर येतो. कॅटमधला ॲ आणि हॉटमधला ऑ यांना तर आपल्याकडे चिन्हंही आहेत, २००९ च्या शासन निर्णयाने ते दोघं रीतसर वर्णमालेतही आले. आणि व्ही, डब्ल्यू? बोलताना आपण दोन्हीकडे व च ठोकतो, पण लिहिताना मात्र व्हॅन आणि वॉच वेगळं लिहितो! हे लेकीला पाटीवर दाखवलं तर तिने लगेच खालचा ओठ दातांखाली धरून व्हॅन म्हणून दाखवलं.

अडतं ते उलट्या बाजूने. कपमधला अ हा आवाज यू या अक्षराचा, असं एकदा डोक्यात बसलं की पोरगी घर हा शब्द इंग्रजी अक्षरात जी एच यू आर असा लिहिते. नियमाने बघाल तर बरोबरच आहे हो. त्यात आत्याचे व्हॉट्सॲप मेसेज. आत्या मराठी लिहिते पण इंग्रजी अक्षरांत. मध्यंतरी तिने 'मी आले' असं पाठवलं, एम आय, मग ए एल ई, आणि शाळेत नुकताच मॅजिक ई शिकून आलेली आमची कन्या मोठ्याने वाचती झाली, "मि एल." म्हणजे शेवटचा ई स्वतः गप्प बसतो आणि आधीच्या स्वराला त्याचं नाव घ्यायला लावतो, या न्यायाने. केले चं कील झालं, कडे चं केड. हसून हसून पुरेवाट. आत्याला म्हटलं, बाई गं, आता तरी मराठी कीबोर्ड टाकून घे.

अक्षरांचा गोंधळ फ्रिजवरही आहे. मॅग्नेटच्या पाकिटात प्रत्येक अक्षर एकेकदाच, त्यामुळे ॲपल लिहायला दुसरा पी नाही. तिने डी उचलला, गर्रकन फिरवला आणि लावून टाकला. आता हिला बी आणि डी मध्ये गोंधळ करू नकोस असं कुठल्या तोंडाने सांगायचं? चमचा उलटा धरला तरी चमचाच राहतो, मग या एकाच अक्षराने फिरल्यावर नाव का बदलावं, हा तिचा प्रश्न मला तरी रास्त वाटतो.

इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेतल्या मुलांची फोनिक्सची एक छोटी परीक्षा होते, ४० शब्द वाचायचे, त्यातले २० चक्क खोटे, म्हणजे असा शब्दच नाही, आणि शेजारी कुठल्यातरी काल्पनिक प्राण्याचं चित्र. पाठ केलंय की खरंच वाचतंय ते यात लगेच कळतं. मी घरी हे सुरू केलं आणि लेकीला भलतंच आवडलं, ती आता स्वतःच व्हॉब, मुप असले शब्द पाडते. आजी मात्र अस्वस्थ होते, "पण मुप म्हणजे काय?"

खरी परीक्षा डिक्टेशनची. फोन हा शब्द तिने एफ ओ एन लिहिला, वर लाल फुली. माझा जीव फुलीशी नाही, त्या तीन अक्षरांशी अडकला, कारण आवाज तर तिन्ही बरोबर पकडलेत, फक्त पीएच ग्रीकमधून आलाय हे सहा वर्षांच्या मुलीला कोण सांगणार. आणि नाइफमधला के तर एके काळी खरोखर म्हणायचे, पुढे आवाज गेला आणि अक्षर तेवढं राहिलं. डेट म्हणजे कर्ज, त्या इंग्रजी शब्दातला बी तर कधीच कुणी म्हणत नव्हतं, लॅटिनशी नातं दाखवायला विद्वानांनी तो मागाहून घुसवला. असल्या ठिकाणी फोनिक्स हात वर करतं. मग आमचा घरगुती उपाय: जसं लिहिलंय तसं म्हणायचं. क्-नाइफ. आय-लँडच्या मध्ये स् टाकून इस्-लँड. वेड-नेस-डे.

याने स्पेलिंग पक्कं बसतं, दहापैकी दहाही मिळाले. पण घरात सगळेच तसं बोलायला लागलेत. परवा बाबाने ऑफिसच्या कॉलवर अख्ख्या टीमसमोर रिव्ह्यू मीटिंग वेड-नेस-डेला ठेवली, आणि पलीकडून कुणीतरी अगदी गंभीरपणे "नोटेड" म्हणालं.