एकत्रित ज्येष्ठता यादी आणि माझी हरकत

पायलट लोक पगारपत्रकापेक्षा ज्येष्ठता यादी जास्त बारकाईने वाचतात. कमांड (म्हणजे कॅप्टनपद) कधी, मोठं विमान कधी, बेस कुठला, दिवाळीची रजा कुणाला, आमच्याकडे सगळं त्या एका आकड्यावर. कंपनी दुसरीत विलीन झाली आणि नव्या यादीत माझा आकडा बराच खाली गेला.

निकष होता रुजू तारीख. ऐकायला सरळ. पण समोरच्या कंपनीत ग्राउंड क्लासचा, म्हणजे वर्गातल्या ट्रेनिंगचा, पहिला दिवस म्हणजे रुजू तारीख, आणि आमच्याकडे ट्रेनिंग संपून लाइन रिलीज, म्हणजे नेहमीच्या फ्लाइट्सवर उडायची मोकळीक, मिळाला तो दिवस. मधे सिम्युलेटरचा स्लॉट मिळेना म्हणून आमची बॅच महिनोन्महिने घरी बसलेली. त्यामुळे माझ्यानंतर क्लासला बसलेला त्यांच्या कंपनीतला मुलगा कागदावर मला सीनियर!

व्हॉट्सअॅपवर दोन्हीकडून शिव्या सुरू झाल्या. मी ग्रुप म्यूट करून जुनी प्रकरणं वाचायला घेतली. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स 2007 साली एकत्र आल्या, पण कर्मचाऱ्यांचा मेळ कसा घालायचा यासाठी 2011 मध्ये न्या. धर्माधिकारी समिती नेमावी लागली. समितीचा अहवाल आला त्याच वर्षी, 2012 मध्ये, ड्रीमलायनर या नव्या विमानाचं ट्रेनिंग कुठल्या जुन्या कंपनीच्या पायलटांना यावरून मे ते जुलै संप चालला. अमेरिकेत त्याहून वाईट. अमेरिका वेस्ट आणि यूएस एअरवेज 2005 साली एक झाल्या, लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी 2007 मध्ये यादी दिली. त्यात यूएस एअरवेजचे जुने पण ले-ऑफवर असलेले पायलट तळाला गेले. त्यांच्या बाजूची संख्या जास्त. त्यांनी 2008 मध्ये अख्खी युनियनच बदलली आणि ती यादी लागूच होऊ दिली नाही.

सेवेची वर्षं मोजायची की विलीनीकरणाच्या दिवशी हातात असलेली खुर्ची? यावर दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून तर ते मिटत नाही. माझ्या हरकतीत मी ‘अन्याय’ हा शब्दच घातला नाही. मागणी एकच: सगळ्यांची तारीख एकाच टप्प्यावरून धरा.

जोडलं काय? नियुक्तिपत्र, ग्राउंड क्लासचं हजेरीपत्रक, सिम्युलेटर चेकचे फॉर्म, लॉगबुकची पानं. हजेरीपत्रकासाठी सगळ्यात जास्त पायपीट झाली, कारण ट्रेनिंग विभाग तोवर दुसऱ्या इमारतीत हलला होता आणि जुन्या फायली गोणपाटात. शेवटी तिथल्या एका मावशींनी शोधून दिलं.

सुनावणीत आमच्या हरकती ऐकणाऱ्या समितीवरचे कॅप्टन चष्म्यावरून बघत म्हणाले, “काय रे, एवढी घाई कसली? पासष्टीपर्यंत उडायचंय तुला.”

“सर, म्हणूनच. तोवर हाच आकडा राहणार ना.”

ते हसले आणि हजेरीपत्रकाची प्रत ठेवून घेतली.

दुरुस्त यादीत माझ्या बॅचच्या तारखा क्लासच्या दिवसापासून धरल्या गेल्या. कमांड आधी मिळालेल्यांना वर ठेवायचं की नाही, हा मुद्दा मात्र सुटलेला नाही. तो आता संघटनेच्या वकिलांकडे आहे आणि त्यासाठी वर्गणी चालू आहे.