पाच सेकंदांचे मौन

गेल्या महिन्यात आम्ही इंटरनेटची कंपनी बदलली आणि त्या दिवसापासून घरात एक चमत्कारिक संथपणा मुक्कामाला आला. एखादे संकेतस्थळ उघडायला घेतले, की पडदा बराच वेळ कोरा राही आणि मग सारे पान भराभर उमटे. एकदा सुरू झालेला व्हिडिओ मात्र कधीच अडखळत नसे. तक्रार केली. तंत्रज्ञ आला, त्याने माझ्याच लॅपटॉपवर मी नुकतेच पाहिलेले पान उघडले आणि ते झटकन आले, कारण एकदा विचारलेला पत्ता ब्राउझर थोडा वेळ लक्षात ठेवतो. दुखरा दात डॉक्टरांसमोर गप्प बसावा, तसाच हा प्रकार. राउटर रोज बंद-चालू करण्याचा सल्ला देऊन तो गेला.

शेवटी मीच गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करून, म्हणजे छोटासा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येते ते पाहिले, तर उत्तरे २० मिलिसेकंदांच्या आत येत होती. म्हणजे रस्ता मोकळा होता. खोळंबा पत्ता विचारण्यात होता. आपण टाइप करतो ते नाव, यंत्राला लागतो आकड्यांतला पत्ता, आणि तो शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटच्या काळात सगळी नावे एकाच फाइलमध्ये असत आणि स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळलेल्या त्या फाइलची प्रत बाकीचे उतरवून घेत. नावे वाढली, तसे ते झेपेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी हे काम अनेक सर्व्हरांत वाटून देणारी रचना मांडली.

आमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसचे दोन रकाने होते आणि लॅपटॉपला हे पत्ते तिथूनच मिळत. दुसऱ्यात नव्या कंपनीचा सर्व्हर होता, पण पहिल्यात जुन्या कंपनीचाच, कधी काळी कोणीतरी हाताने भरलेला, तसाच राहिला होता. आम्ही आता त्याचे ग्राहक नव्हतो आणि परक्यांच्या प्रश्नांना तो उत्तरच देत नव्हता. नकार आला असता तर लॅपटॉप तत्क्षणी दुसऱ्याकडे वळला असता. पण नकार लगेच कळतो, मौनाची मात्र वाट पाहावी लागते. माझ्या लॅपटॉपवरच्या लिनक्स या कार्यप्रणालीत ती वाट ५ सेकंदांची, आणि पुढच्या नावाच्या वेळी लॅपटॉप इमानेइतबारे पुन्हा पहिल्याच दारात उभा! बातम्यांच्या एका पानामागे जाहिराती, छायाचित्रे, फॉन्ट अशी कितीतरी वेगळी नावे दडलेली असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे आमचा कोरा पडदा उलगडतो.

जुना आकडा पुसून नव्या कंपनीचा सर्व्हर पहिल्या रकान्यात आणला, वाय-फाय तोडून पुन्हा जोडले आणि डीएनएसला नाव विचारून पाहणारी ‘डिग’ची आज्ञा दिली. उत्तराला लागलेला वेळ: १४ मिलिसेकंद. बाबांना हे सारे सविस्तर समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि झोपण्यापूर्वी, नेहमीप्रमाणे, राउटर बंद करून पुन्हा चालू केला.