घड्याळ कोणते, हे कोणाला कळते?

जानेवारी २०२३मध्ये शकिरा या गायिकेने एका गाण्यातून आपला पूर्वीचा जोडीदार, फुटबॉलपटू जेरार्ड पिके, याला टोला हाणला की त्याने रोलेक्स देऊन कॅसिओ घेतले. थोड्याच दिवसांत पिके मनगटावर कॅसिओ बांधून कॅमेऱ्यासमोर हजर झाला. या दोघांचे भांडण बाजूला ठेवू. मला लक्षणीय वाटते ते हे, की जगभरच्या श्रोत्यांना तो टोला कोणी समजावून सांगावा लागला नाही. महागड्या घड्याळाच्या प्रतिष्ठेला साक्षीदार लागतात, आणि ज्यांनी असे घड्याळ कधी घेतले नाही, पुढेही घेणार नाहीत, त्यांनासुद्धा त्याचे नाव ठाऊक असावे लागते. ही ओळख करून देण्याचे काम चित्रपटांनी, गाण्यांनी आणि खेळाडूंच्या मनगटांनी केले. पडद्यावरच्या जेम्स बाँडच्या हातात १९६२ साली रोलेक्स होते, १९९५पासून ओमेगा आले, आणि हा बदलही चर्चेचा विषय ठरला.

अचूक वेळ दाखवण्याच्या शर्यतीत ही घड्याळे केव्हाच मागे पडली आहेत. सेको या जपानी कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी ॲस्ट्रॉन हे क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरी आणि स्फटिकावर चालणारे, मनगटी घड्याळ बाजारात आणले. पुढे क्वार्ट्झ स्वस्त होत गेले, तसे स्विस घड्याळ उद्योगाचे कंबरडे मोडले. आजही स्विस क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेचे, प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यांत्रिक (स्प्रिंगवर चालणाऱ्या) घड्याळाला सरासरीने दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जाण्याची मुभा असते, तर साध्या क्वार्ट्झची चूक महिन्याला पंधरा-वीस सेकंदांची. मग विकायचे काय? ओडमार पिगे या कंपनीने १९७२मध्ये जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेले ‘रॉयल ओक’ आणले: काचेभोवती अष्टकोनी कडे, त्यावर उघडे दिसणारे आठ स्क्रू, आणि पोलादी असूनही अनेक सोन्याच्या घड्याळांहून जास्त किंमत. ते दुरूनही ओळखू येत असे, आणि ओळखू येणे हाच त्याचा खरा गुण होता.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र अभिनेते पॉल न्यूमन यांच्या रोलेक्स डेटोना या घड्याळाचे आहे. छोट्या उपतबकड्यांवरच्या खुणांच्या टोकांना चिमुकले चौकोन असलेली ती तबकडी सुरुवातीला फारशी कोणाला आवडत नव्हती आणि अशी घड्याळे दुकानांत पडून राहत. न्यूमन मोटारशर्यतींत भाग घेत, म्हणून त्यांची पत्नी जोआन वुडवर्ड यांनी त्यांना असे एक घड्याळ भेट दिले आणि मागच्या झाकणावर, गाडी जपून चालव, अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले. १९८४मध्ये न्यूमन यांनी मुलीच्या मित्राला वेळ विचारली. त्याच्याकडे घड्याळच नव्हते, तेव्हा त्यांनी हेच काढून त्याला दिले आणि चावी दिली की वेळ बरी दाखवते, असे सांगितले. म्हणजे ते दिले गेले निव्वळ वेळ बघण्यासाठी! ऑक्टोबर २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच घड्याळाला सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलर मिळाले. यंत्र त्या काळच्या इतर डेटोनांसारखेच होते. वाढलेली सगळी रक्कम न्यूमन यांच्या नावाची आणि त्या तबकडीच्या छायाचित्रांची होती.

प्रतिष्ठा अशी पाहणाऱ्याच्या नजरेत असल्यामुळेच नकली घड्याळांचा धंदा चालतो. त्यांतली अगदी स्वस्त नक्कल पकडण्याची एक जुनी खूण मला फार गमतीची वाटते. बहुतेक आधुनिक यांत्रिक घड्याळांचे यंत्र ताशी २८,८०० स्पंदने करते, त्यामुळे सेकंदकाटा सेकंदात आठ बारीक पावले टाकत सरकल्यासारखा दिसतो. नकलेत क्वार्ट्झ बसवलेले असेल, तर तो सेकंदागणिक एकच उडी मारतो. आणि वेळेच्या बाबतीत हे पकडले गेलेले घड्याळ बहुधा अस्सल घड्याळापेक्षा अधिक अचूक असते.