नाडीच्या ठेक्यावर वाजणारा कान

कानात आवाज येतो असे सांगितले की ऐकणारा बहुधा शिट्टी, घंटा किंवा रातकिड्यांची किरकिर गृहीत धरतो. माझ्या उजव्या कानातला आवाज तसा नव्हता. लोहाराच्या भात्यासारखा तो सूं-सूं करत भरत आणि ओसरत असे, आणि रात्री घर शांत झाले की त्याखेरीज दुसरे काही ऐकू येत नसे. जोडीला सकाळी उठल्याबरोबर कपाळापासून मानेपर्यंत पसरणारी डोकेदुखी होती आणि चालताना पायाखालची फरशी किंचित कलल्याचा भास होई. या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे हे कळायला फार काळ गेला, आणि तो का गेला याविषयीच मला लिहायचे आहे.

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात प्रत्येकाकडे कारण तयार होते. सासूबाईंनी पित्त म्हणून कपाळाला सुंठीचा लेप लावला आणि जेवणात आमसुलाचे सार सुरू केले. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मानेच्या मणक्यांचा दोष सांगून गळ्याला पट्टा बांधायला दिला. दवाखान्यांतही तक्रारींची अशीच वाटणी झाली. डोकेदुखीसाठी अर्धशिशीच्या गोळ्या मिळाल्या. कानासाठी ऑडिओमेट्री झाली. ऐकणे उत्तम निघाले, म्हणून आवाजाची सवय करून घ्यावी असा सल्ला मिळाला. चक्करेसाठी पलंगावर बसवून, मान एका बाजूला वळवून, झटकन आडवे करून बुबुळांची हालचाल पाहिली गेली. अंतर्कर्णातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागचे सरकले असतील तर या चाचणीत खोली गरगर फिरते. माझी फिरली नाही. यातली कोणतीही तपासणी वाया गेली असे मी म्हणणार नाही, कारण प्रत्येकीने एकेक शक्यता बाद केली. मात्र डोके, कान आणि तोल या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर कोणी लिहून घेतल्या नाहीत.

पुढे मेंदूचा एमआरआय झाला. रिपोर्टच्या शेवटी 'पार्शियली एम्प्टी सेला' अशी एक ओळ होती, म्हणजे पिट्युटरी ग्रंथी ज्या हाडाच्या खोबणीत असते ती खोबण काहीशी रिकामी दिसत होती. हे पुष्कळांत आढळते, काळजी नको, असे सांगून कागद परत देण्यात आला. पुष्कळांत आढळते हे खरेच आहे. पण डोकेदुखी आणि कानातला आवाज सांगणाऱ्या रुग्णात हीच ओळ डोक्यातला दाब वाढल्याची खूण असू शकते, आणि तो संबंध त्या वेळी जोडला गेला नाही याचे मला आजही वाईट वाटते.

तो जोडला एका न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी. त्यांनी विचारले, "ये आवाज़ धड़कन के साथ चलती है क्या?" मग माझे मनगट धरून मला डोळे मिटायला आणि आवाज भरेल तसतसे टेबलावर बोट टेकवायला सांगितले. माझे बोट आणि माझी नाडी बरोबर एकाच क्षणी पडत होती. त्यांनी मानेची उजवी बाजू हलकेच दाबली, तसा आवाज थांबला. बोट काढताच परत सुरू झाला. (हा प्रयोग घरी करू नये; मानेत मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्याही असतात.) मग प्रश्नांची रांगच लागली: वाकल्यावर किंवा उठल्यावर काही सेकंद डोळ्यांपुढे अंधार येतो का, एकाचे दोन दिसतात का, गेल्या वर्षभरात वजन वाढले का, मुरुमांसाठी गोळ्या किंवा अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेतले का. चपलेचा पट्टा लावताना डोळ्यांपुढे अंधार येत होता आणि वजनही वाढले होते. त्यांनी त्याच दिवशी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले.

थेंब घालून पडद्याची तपासणी झाली, तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या नसांना सूज दिसली. मेंदूभोवतीचे पाणी प्रौढ माणसात एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असते, पण दिवसाला ५०० मिलिलिटरच्या आसपास नवे तयार होते आणि तितकेच शोषले जावे लागते. हा हिशेब बिघडला की दाब वाढतो, आणि डोळ्याच्या नसेभोवतीही तेच पाणी असल्यामुळे तिथे सूज येते. मेंदूच्या शिरांत गुठळी नाही याची एमआरव्हीने, म्हणजे शिरांच्या एमआरआयने, खात्री केल्यावर माझ्या कमरेतून तेच पाणी काढून दाब मोजला. ही पद्धत हाइनरिख क्विंके यांनी १८९१ साली वापरात आणली आणि आजही दाब त्याच रीतीने मोजतात. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात; प्रौढांत २५ सेंटिमीटरपर्यंत चालतो. माझा ३४ होता. निदान झाले: इडिओपॅथिक इंट्राक्रॅनियल हायपरटेन्शन, म्हणजे गाठ किंवा गुठळी नसताना वाढलेला डोक्यातला दाब. मूल होण्याच्या वयातल्या, वजन वाढलेल्या स्त्रियांत तो सर्वाधिक आढळतो, आणि उपचार न झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. त्या संध्याकाळी कानातला भाता थांबला होता. तो पुढे परतला, पण आता तो कशाचा आहे हे मला माहीत होते.

मेंदूभोवतीचे पाणी कमी तयार व्हावे म्हणून असेटाझोलामाइडच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी बोटांना मुंग्या येतात आणि सोडा बेचव लागतो, हे आधीच सांगितलेले असल्यामुळे मी घाबरले नाही. अमेरिकेत १६५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी मिठाचा, वजन उतरवणारा आहार आणि त्याबरोबर ही गोळी घेणाऱ्यांची दृष्टी नुसता तसा आहार घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली होती. आहाराचा भाग इंदुरात सोपा नाही. पोह्यांवरची शेव, दुपारचे नमकीन, लोणचे, पापड हे सगळे ताटातून काढावे लागले. सासूबाईंनी माझ्यासाठी वरण वेगळे काढून त्यात मीठ निम्मे घालायला सुरुवात केली, आणि या आजारात मला झालेली सर्वांत मोठी मदत मी तीच मानते.

प्रत्येक डोकेदुखी अशी नसते. बहुतेक डोकेदुख्या साध्याच असतात. परंतु आवाज नाडीबरोबर येत असेल, वाकल्यावर अंधारी येत असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी स्वतःहून मागावी आणि त्यात दिरंगाई करू नये. डोकेदुखी एकदम असह्य झाली, बोलणे अडखळले किंवा हातापायातली शक्ती गेली, तर सरळ इमर्जन्सीत जावे.

पडद्याच्या तपासणीला स्वतः स्कूटर चालवत जाऊ नये, कारण थेंबांनंतर काही तास धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. सोबत कोणाला तरी न्यावे, आणि एमआरआयच्या रिपोर्टबरोबर त्याची फिल्म किंवा सीडीही घ्यावी, कारण माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तीच मागितली होती.