फ्लेक्सच्या आधी कागद : आमची वाटचाल

आप्पा बळवंत चौकाजवळच्या बोळात आमचं डीटीपी आणि छपाईचं दुकान. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि सरकारी कार्यालयांचे कोरे अर्ज ही रोजची कामं. श्रीलिपीत टाइप करायचं, ऑफसेटवर छापायचं, गठ्ठे बांधून पोचते करायचे. त्या अर्जांचं पुढे काय होतं, हे छापणाऱ्याला कुणी विचारत नाही.

2015 साली महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आला. कोणती सेवा किती दिवसांत मिळणार, ती देण्याची जबाबदारी असलेला (पदनिर्देशित) अधिकारी कोण, अपील कुणाकडे करायचं, हे कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक झालं आणि फलकांची कामं आमच्याकडे येऊ लागली. एका ठिकाणी बिलावर सही मिळेपर्यंत मी दुपारभर बाकावर बसून होतो. माणसं आत यायची, आमच्या फलकाखालून जायची आणि थेट शिपायाला गाठायची. “काका, उत्पन्नाचा दाखला कुठे?” “तीन नंबर खिडकी. रेशनकार्डाची झेरॉक्स आणलीय का?” हा दुसरा प्रश्न फलकावर नव्हताच. लोकांचं अडत होतं ते तिथे. मुदत आणि अपील नंतरची गोष्ट. आधी कोणते कागद लागतात ते कळायला हवं, तेही रांगेत तासभर उभं राहायच्या आत.

साहेबांना विचारून दारातच एक मोठा कागद चिकटवला आणि मार्करनं यादी लिहिली. मुद्दामच फ्लेक्स केला नाही. तो एकदा छापला की खोडता येत नाही. शिपाईकाका लोक काय काय विचारतात ते सांगायचे, आम्ही यादीत भर घालायचो. विचारणारे कमी झाले, तेव्हाच छापायला टाकली.

मग अर्जाला हात घातला. ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्यात लोक महिन्याचा पगार लिहीत आणि खिडकीवरच्या ताई अर्ज परत करत. आम्ही ‘मासिक उत्पन्न’ असा आणखी एक रकाना वाढवून पाहिला. नोकरदारांचं काम झालं, पण धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी तिथेच अडल्या. चार घरांचे चार पगार, त्यातलं एक घर मे महिन्यात गावी जाणारं. त्यांनी काय लिहायचं? शेवटी प्रत्येक कामाला वेगळी ओळ ठेवली आणि बेरीज ताईंकडे दिली. ताई आधी नाराज होत्या. परत येणारे अर्ज घटल्यावर त्यांनीच शेजारच्या खिडकीला तो नमुना दिला. माझं मत तेव्हापासून पक्कं आहे : खिडकीच्या आतल्या माणसाचं काम हलकं झालं नाही, तर बाहेरच्यासाठी केलेली कुठलीही सुधारणा महिनाभर टिकत नाही.

ब्रिटनमध्ये सरकारनं 2010 साली अशा प्रयोगांसाठी ‘बिहेवियरल इनसाइट्स टीम’, म्हणजे लोक प्रत्यक्षात कसे वागतात ते अभ्यासणारी तुकडी, नेमली. कर थकलेल्यांना वेगवेगळ्या मजकुराची पत्रं पाठवून त्यांनी तुलना केली. बहुतेक लोक कर वेळेवर भरतात, एवढं एक वाक्य घातलेल्या पत्रांना वसुली जास्त झाली. आम्हीही एका कार्यालयाला सुचवलं : थकबाकीदारांच्या यादीतल्या सम क्रमांकांना जुनी नोटीस पाठवा, विषम क्रमांकांना रक्कम आणि शेवटची तारीख सगळ्यात वर असलेली नवी. अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न, “दोन नोटिसा का, हे ऑडिटला काय सांगू?” प्रश्न रास्तच होता. कायद्याचा मजकूर दोन्हींत शब्दशः तोच ठेवला, फक्त मांडणी बदलली आणि तसं टिपणीत लिहून घेतलं, तेव्हा सही मिळाली.

आता बोलावणारे बहुतेक जण ‘ॲप करून द्या’ म्हणूनच बोलावतात. आम्ही आधी बाकावर बसायची परवानगी मागतो. काही जण तिथेच फोन ठेवतात. जे ठेवत नाहीत, त्यांच्याकडेही बाकावर बसण्याचे पैसे द्यायला लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबात तो खर्च दाखवायचं खातं, नसतं. त्यामुळे आमच्या बिलांवर आजही ‘छपाई व फलक’ असंच लिहिलेलं असतं आणि दर चौरस फुटानं लागतो.