घड्याळ बघायला अख्खा रविवार

रविवार, रात्र. नौपाडा, ठाणे.

बोटांना अजून फ्लॉप्या पुसायच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा वास येतोय. जेवतानाही येत होता.

माळ्यावरच्या डब्यात अकरा फ्लॉप्या निघाल्या. ठाण्याचे इतके पावसाळे पचवलेल्या, त्यामुळे शटर सरकवलं की चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके. पहिली मी उत्साहात तशीच ड्राइव्हमध्ये घातली. बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला चिकटली, आणि मग चांगली फ्लॉपीही वाचेना. आधी पुसायची, मग घालायची, एवढी साधी अक्कल मला हेड साफ करताना आली. ‘ट्रॅक झीरो बॅड’ म्हणत आठ गेल्या. उरल्या तीन.

करायचं होतं ते असं: जुन्या पेंटियम कॉम्प्युटरची हार्ड डिस्क मेलेली, तर एकाच फ्लॉपीवरून विंडोज चालवायचं. तेही अगदी पहिलं, नोव्हेंबर १९८५चं. प्रिंटरचे ड्रायव्हर वगळले तर डॉससकट (हे विंडोज ज्यावर चालतं ती मूळ सिस्टीम) ते फ्लॉपीच्या १.४४ एमबीत मावतं. माझ्या फोनमधला तलावपाळीचा एक फोटो मावत नाही.

लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, सेटअप केलं, डिस्प्लेला ईजीए हा त्या काळचा रंगीत प्रकार निवडला, फ्लॉपीची इमेज म्हणजे हुबेहूब प्रत केली, यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने खऱ्या फ्लॉपीवर उतरवली. डॉस मी सवयीने ६.२२ घेतलं होतं, तिथे गाडी अडली. एवढं नवं डॉस या विंडोजला पचत नाही. ३.३ घेतलं आणि निमूट चाललं. मधे बायॉसने, म्हणजे मशीन चालू होताना आधी जागा होतो त्या प्रोग्रामने, दोनदा फ्लॉपी ड्राइव्ह आहे हेच नाकारलं, कारण सेटिंग आणि वेळ लक्षात ठेवायला लागणारा बोर्डावरचा बटन सेल संपलेला. दर वेळी आत जाऊन सांगायचं, बाई, आहे ड्राइव्ह.

मग तो आवाज. घर्र, टक, टक, घर्र. मेमरीत सगळं मावत नाही म्हणून लागेल तो तुकडा फ्लॉपीवरून आणायचा. नवा मेनू उघडला की पुन्हा घर्र. आजचा लॅपटॉप अडकला की नुसतं चक्र फिरतं, आत काय चाललंय कळत नाही. इथे निदान ऐकू येतं की बिचारा कामाला लागलाय.

माऊसची मात्र पंचाईत झाली. या आवृत्तीला जुन्या सिरीयल पोर्टचा माऊस चालतो, माझा नंतरच्या पीएस-टू पोर्टचा. माळ्यावर उंदीर भरपूर, कामाचा एक नाही. सगळं ऑल्ट की दाबून.

खिडक्या एकमेकींवर चढत नाहीत हे वाचलेलं होतं, बघायला गंमत वाटली. नोटपॅड उघडलं, मग क्लॉक उघडलं, तर दोघांनी पडदा वाटून घेतला. चाळीतल्या खोलीत भावाभावांनी पार्टिशन घालावं तसा.

क्लॉक म्हणजे काट्यांचं घड्याळ. आईला हाक मारून दाखवलं. बाहेर पावणेपाच झालेले, ते दाखवत होतं बारा वाजून एकवीस. सेल नाही, त्यामुळे मशीनच्या लेखी दिवस चालू केल्यापासून सुरू.

आई म्हणाली, “सकाळपासून हे करत होतास? भिंतीवरचं बरोबर चालतंय की.”

उद्या येताना गोखले रोडवरून सेल आणायचा. बाकीच्या दोन फ्लॉप्या तांदळाच्या डब्यात ठेवल्यात, आईला अजून सांगितलेलं नाही.